करारावर सही झाली. कायदा कोणी केला?

२४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यातील सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर भारताचे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल आणि ब्रिटनचे व्यापारमंत्री जोनाथन रेनॉल्ड्स यांनी सह्या केल्या. दोन्ही देशांचे पंतप्रधान त्या वेळी उपस्थित होते. त्यानंतरचे काही दिवस विलायती व्हिस्की किती स्वस्त होणार, मोटारींवरील जकात किती उतरणार आणि कोल्हापुरी चपलेला साहेबाच्या देशात किती भाव येणार, याच्या चर्चेत गेले. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. व्हिस्कीवरील दीडशे टक्के जकात प्रथम पंच्याहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे वचन एका मंत्र्याने परदेशात सही करून दिले. ते वचन भारताचा कायदा केव्हा होते आणि कोणाच्या हातून होते?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील उत्तर सर्वांना पाठ आहे. कर बसविण्याचा व उठविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा. घटनेच्या २६५ व्या कलमानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही व वसूलही करता येत नाही. तेव्हा हजारो वस्तूंवरील जकात एकदम बदलणारा करार संसदेपुढे येईल, त्याची तीन वाचने होतील, मतदान होईल आणि मग तो देशाला लागू होईल, असे विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिले तर ते तर्काला धरूनच होईल. प्रत्यक्षात यांपैकी काहीही घडत नाही, आणि तरीही जे घडते ते पूर्णपणे कायदेशीर असते. हे कसे, ते समजून घेणे कराड-तासगावकडील शेतकऱ्याच्या व त्याच्या शिकलेल्या मुलाच्या दृष्टीने दिल्लीतील वकिलापेक्षाही अधिक अगत्याचे आहे.

भारतात परराष्ट्राशी झालेला करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी निःसंदिग्धपणे मान्य केलेले आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी ते स्पष्ट केले. करार हा दोन सरकारांमधील शब्द. नागरिकाला बांधतो तो कायदा. हे झाले एक अंग. दुसरे अंग असे की, करार करण्याचा अधिकार घटनेने कार्यकारी सत्तेकडेच ठेवला आहे. सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीच्या चौदाव्या नोंदीत परदेशांशी तह व करार करणे आणि ते अमलात आणणे हा विषय येतो. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेस आहे. आणि ७३ व्या कलमानुसार ज्या विषयावर संसद कायदा करू शकते, त्या विषयापर्यंत केंद्र सरकारची कार्यकारी सत्ताही पोहोचते. करार कसे करावेत, त्यांना कोणाची संमती असावी, यासंबंधी संसदेने या चौदाव्या नोंदीखाली आजवर कायदाच केलेला नाही. जागा मोकळी राहिली. ती मंत्रिमंडळाने व्यापली. यात मंत्रिमंडळाला दोष देण्याआधी जागा मोकळी ठेवणाऱ्यांकडे पाहावयास हवे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मगनभाई पटेल यांच्या खटल्यात, कच्छच्या रणासंबंधीच्या लवादाच्या निमित्ताने, या दोन अंगांची सांगड घातली. कराराने नागरिकांचे हक्क बदलत असतील वा प्रचलित कायद्यात फेरफार होत असेल, तर कायदा करावा लागेल. तसे नसेल तर सरकारची कृती पुरेशी आहे, असे त्या निकालाचे सार. मग जकात कमी करण्याने प्रचलित कायदा बदलत नाही काय? येथेच सारी मेख आहे.

कायदा आधीच होऊन गेलेला आहे

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे बारावे कलम सांगते की, आयात मालावर जकात बसेल आणि तिचे दर १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील परिशिष्टात दिल्याप्रमाणे असतील. पुढे त्याच १९६२ च्या कायद्यातील पंचविसावे कलम येते. जनहितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कोणत्याही मालास जकातीतून पूर्णतः वा अंशतः सूट देऊ शकते, असा त्याचा आशय आहे. दुसरीकडे १९७५ च्या कायद्याचे पाचवे कलम व्यापार-करारांचाच स्पष्ट उल्लेख करते: कराराने कमी दर ठरला असेल तर माल खरोखर त्याच देशातला आहे की नाही हे ठरविण्याचे नियम सरकारने अधिसूचनेने करावेत. दरपत्रक छापील तेच राहते. त्यावर सवलतीची पट्टी तेवढी चिकटविली जाते. कायदा बदलला नाही, कायद्याने दिलेला अधिकार वापरला, असे सरकार म्हणते, आणि न्यायालयात ते टिकते.

१९७५ च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती त्या वर्षीच्या १८ ऑगस्टला, म्हणजे आणीबाणी पुकारल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. विरोधी पक्षांचे कित्येक खासदार त्या वेळी तुरुंगात होते. त्याच्या अवघे अठरा दिवस आधी, ३१ जुलै १९७५ रोजी, आशियातील विकसनशील देशांनी परस्परांना जकातीत सवलती देणारा बँकॉक करार केला होता आणि त्यात भारत होता. कराडचे यशवंतराव चव्हाण तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री होते. त्या काळच्या सवलती मोजक्या वस्तूंपुरत्या होत्या. जवळजवळ साऱ्या व्यापारालाच व्यापणारे करार पुढे याच पंचविसाव्या आणि पाचव्या कलमांच्या दोन खुंट्यांवर टांगले जातील, अशी कल्पना त्या वेळी कोणास असेल असे दिसत नाही.

या यंत्रणेची चाल पाहण्यासाठी संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या कराराचे उदाहरण सोयीचे आहे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सह्या झाल्या. १ मे २०२२ रोजी करार अमलात आला. मधले दिवस बहात्तर. त्या अवधीत संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन ७ एप्रिलपर्यंत चालले; परंतु करार संमतीसाठी संसदेपुढे आला नाही, कारण तो आणण्याचे बंधनच सरकारवर नव्हते. ३० एप्रिल रोजी अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागाने राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध केल्या. २२/२०२२ क्रमांकाच्या अधिसूचनेत वस्तूंची व सवलतीच्या दरांची लांबलचक कोष्टके होती. दुसरीत माल कोणत्या देशात उत्पन्न झाला हे ठरविण्याचे नियम. दुसऱ्या दिवसापासून बंदरावरील जकात अधिकाऱ्याला तो कायदा झाला. वाटाघाटी वाणिज्य मंत्रालयाने करावयाच्या, संमती मंत्रिमंडळाने द्यावयाची, अधिसूचना महसूल विभागाने काढावयाची, आणि आपली अंतर्गत कार्यवाही पूर्ण झाल्याचे पत्र एका सरकारने दुसऱ्याला पाठवावयाचे, असा हा सारा मार्ग आहे. त्यावर संसद भवन लागत नाही.

समोरच्या देशांची वाट कशी असते? ऑस्ट्रेलियाशी करार झाला २ एप्रिल २०२२ रोजी. तेथे तो संसदेच्या करारविषयक संयुक्त समितीकडे गेला, तिने सुनावणी घेऊन अहवाल दिला, आणि जकातीसंबंधीची विधेयके नोव्हेंबरमध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केली. भारतीय कंपन्यांवरील कराचा एक जुना तंटा मिटविणारी कायद्यातील दुरुस्तीही त्याच वेळी झाली. भारताच्या बाजूने डिसेंबरच्या अखेरीस अधिसूचना निघाली व २९ डिसेंबरला करार अमलात आला. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार एकवीस कामकाज-दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो आणि कॉमन्स सभागृहाने विरोधी ठराव केला तर मान्यता लांबते. तेथेही हा अधिकार तोकडा आहे अशी टीका होते, हे सांगितले पाहिजे. परंतु तोकडा का होईना, तो आहे. स्वित्झर्लंडची तर गोष्टच निराळी. त्या देशासह युरोपातील चार देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला. स्विस संसदेने तो संमत केल्यावरही पन्नास हजार नागरिकांना शंभर दिवसांत सह्या करून सार्वमताची मागणी करण्याची मुभा होती. ती मुदत जुलै २०२५ मध्ये संपली, कोणी सार्वमत मागितले नाही, आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी करार अमलात आला. इंडोनेशियाशी स्वित्झर्लंडने केलेल्या अशाच करारावर मात्र पाम तेलाच्या वादावरून मार्च २०२१ मध्ये खरोखर सार्वमत झाले. साधारण बावन्न टक्के मतांनी तो निभावला. म्हणजे भारताशी झालेल्या करारावर स्विस गवळ्याला सार्वमत मागता येत होते आणि भारतातील गवळ्याच्या खासदारालाही मत देता येत नव्हते.

साम्राज्यातील एक आठवण

स्वतंत्र भारताच्या संसदेला नाही तो अधिकार पारतंत्र्यातील विधिमंडळाला होता, हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. १९३२ साली ओटावा येथे साम्राज्यांतर्गत व्यापाराचा करार झाला. ब्रिटिश मालाला भारतात आणि भारतीय मालाला ब्रिटनमध्ये जकातीत झुकते माप द्यावयाचे, असा त्याचा गाभा होता. तो अमलात आणण्यासाठी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात रीतसर विधेयक आणावे लागले; त्यावर वाद झाला, आणि १९३२ च्या अखेरीस जकात कायद्यात दुरुस्ती झाली. मार्च १९३६ मध्ये त्याच विधिमंडळाने करार संपुष्टात आणावा असे मत नोंदविले आणि सरकारला तशी नोटीस ब्रिटनला द्यावी लागली. त्यानंतर १९३९ चा भारत-ब्रिटन व्यापार करार आला. विधिमंडळाने तो फेटाळला. गव्हर्नर-जनरलने आपले खास अधिकार वापरून तो रेटला, हे खरे. पण लोकप्रतिनिधींना डावलण्यासाठी परकीय सत्तेलाही उघडपणे खास अधिकार वापरण्याची पाळी आली आणि त्याची नोंद इतिहासात राहिली. २०२५ च्या भारत-ब्रिटन कराराच्या बाबतीत डावलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विचारावयाचेच नसेल तर डावलणार कोणास?

संसदेला टाळताच येत नाही, असे प्रसंगही आहेत. कराराने जकातीपलीकडचे काही मान्य केले असेल तर पंचविसावे कलम पुरत नाही. याचा धडा भारताने पेटंटच्या बाबतीत घेतला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी १९९५ पासून औषधे व शेतीरसायने यांच्या पेटंटचे अर्ज स्वीकारण्याची सोय करावयाची होती. सरकारने ३१ डिसेंबर १९९४ रोजी वटहुकूम काढला. त्याच्या जागी आणलेले विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत अडले, आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते रद्दबातल झाले. प्रशासकीय आदेशांवर काम चालू आहे, अशी भूमिका सरकारने घेतली. अमेरिकेने तक्रार केली, आणि १९९७ साली जागतिक संघटनेच्या अपील मंडळाने निर्णय दिला की केवळ कचेरीतील आदेश हा कायद्याला पर्याय होत नाही. अखेर १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन खेपांनी संसदेने पेटंट कायदा बदलला. या विलंबाने देशाचे नुकसान झाले असे मानणारे आहेत. परंतु २००५ च्या दुरुस्तीत जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळविण्यास आळा घालणारे जे तिसरे कलम कडक झाले, ते संसदेतील या ओढाताणीतूनच झाले. कर्करोगाच्या एका औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेला प्रसिद्ध निकाल त्याच कलमावर उभा आहे. विधिमंडळातील खोळंबा हा नेहमीच अपव्यय असतो असे नाही.

त्याच जागतिक करारातून १९९९ साली भौगोलिक निर्देशांकाचा कायदा झाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा यांना पुढे जे नोंदलेले नाव मिळाले ते या कायद्यामुळे. तेव्हा सांगलीच्या बेदाण्याचे नाव राखणारा कायदा संसदेने केला. त्या बेदाण्याचा भाव ज्यावर हलतो ती जकात मात्र संसदेबाहेर ठरते.

तासगावचे सौदे आणि दिल्लीचे राजपत्र

तासगाव व सांगली या बेदाण्याच्या देशातील प्रमुख बाजारपेठा आहेत. खराब हवामानात द्राक्षाची निर्यात साधली नाही, व्यापाऱ्याने दर पाडला, तर बागायतदाराला शेवटचा आधार बेदाण्याच्या शेडचा असतो. माल वाळवून, निवडून शीतगृहात ठेवला की भाव येईपर्यंत थांबता येते. थांबण्याची ही ताकद किती, हे परदेशातून येणारा बेदाणा कोणत्या जकातीने येतो यावर अवलंबून असते. भारताची बेदाण्यावरील सर्वसाधारण जकात चढी आहे. पण ६ मार्च २००३ रोजी अफगाणिस्तानशी प्राधान्य व्यापार करार झाला आणि त्यात बेदाण्यासह सुक्या मेव्याला सवलत मिळाली. पुढे अफगाणिस्तान दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्रात आला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने त्या क्षेत्रातील अल्पविकसित देशांच्या मालावरील मूळ जकात, मद्य व तंबाखू वगळता, काढून टाकली. हेही पंचविसाव्या कलमाखालील अधिसूचनेनेच झाले.

यामागील हेतूला कोणी नावे ठेवणार नाही. युद्धाने होरपळलेल्या देशाला हात देणे हे शेजारधर्माला धरूनच होते, आणि काबूलचा मेवा भारतात काही नव्याने आलेला नव्हता. मात्र त्या उदारपणाचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार, हे ज्या सभागृहात विचारले गेले असते तेथे तो प्रश्न गेलाच नाही. अलीकडे तासगाव-सांगलीकडील बागायतदारांची तक्रार आणखी निराळी आहे. चीनचा बेदाणा अफगाणिस्तान वा नेपाळच्या वाटेने, त्या देशांच्या नावावर सवलत घेऊन बाजारात येतो, असे त्यांचे म्हणणे. नियमांच्या भाषेत हा ‘मूळ देशा’चा प्रश्न आहे. परक्या देशातून आलेला बेदाणा पिशवी बदलल्याने अफगाण होत नाही. २०२० साली सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम घालण्यात आले आणि त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले. केवळ परदेशी कचेरीचे प्रमाणपत्र दाखवून आता भागत नाही. माल कोठे व कसा उत्पन्न झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावयाची असते आणि संशय आल्यास अधिकाऱ्याला सवलत रोखता येते. तरतूद चांगली आहे. परंतु ती आयातदार व जकात अधिकारी या दोघांमधील आहे. तासगावच्या सौद्यात ज्याचा भाव पडला तो या प्रकरणात पक्षकार नसतो. त्याला अर्ज देता येतो, एवढेच.

सोयाबीनची कथाही याच वळणाची. कराड, पाटण, वाळवा या तालुक्यांत सोयाबीन आता नेहमीचे पीक झाले आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात वीस टक्के केली. शेतकऱ्याला दर मिळावा हा हेतू. लगेच नेपाळातून शुद्ध सोयाबीन तेलाचा ओघ वाढला. नेपाळात सोयाबीन पिकते ते अल्प. बाहेरून कच्चे तेल आणून, शुद्ध करून, विनाजकात भारतात पाठविणे हा तेथे व्यवसाय झाला. ३० मे २०२५ पासून कच्च्या तेलावरील मूळ जकात पुन्हा दहा टक्क्यांवर आणली गेली, या वेळी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे म्हणून. चढविणे, उतरविणे आणि सवलत देणे ही तिन्ही कामे ज्या अधिसूचनेने होतात तिची शाई एकच. फरक एवढाच की अर्थमंत्र्याने चढविलेली जकात अर्थमंत्री उतरवू शकतो, कराराने दिलेली सवलत मात्र दुसऱ्या सरकारच्या संमतीशिवाय वा कराराची नोटीस दिल्याशिवाय सहज मागे घेता येत नाही. जी गोष्ट परत घेणे अवघड, तिला संमती अधिक कडक हवी, असा सामान्य व्यवहार आहे. घर गहाण टाकताना माणूस घरातल्या चारचौघांना विचारतो. किराणा आणताना विचारत नाही.

संसदेने या बाबतीत आपण होऊन सैल सोडल्याचे आणखी एक उदाहरण आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने असे ठरविले की पंचविसाव्या कलमाखालील सशर्त सवलती साधारणतः दोन वर्षांनंतरच्या ३१ मार्चला आपोआप संपाव्यात, म्हणजे जुन्या सवलतींचा आढावा होत राहील. २०२३ च्या वित्त कायद्याने या मुदतीतून जे प्रकार वगळले त्यांत परराष्ट्रांशी झालेल्या व्यापार करारांखालील सवलती आहेत. कराराचा शब्द पाळावयाचा तर ते अपरिहार्य होते हे उघड आहे. पण मग ज्या सवलतीचा पुढे आढावा होणार नाही, तिची आधी छाननी व्हावी, हा त्याच्या जोडीचा विचार कोणी मांडल्याचे दिसले नाही.

सरकारच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही. वाटाघाटी गुप्ततेशिवाय होत नाहीत. प्रत्येक खासदाराने आपल्या मतदारसंघातील पीक वगळावे असा आग्रह धरला तर करारात उरणार काय? शिवाय संसदीय पद्धतीत ज्याचे बहुमत त्याचेच मंत्रिमंडळ; मतदान झाले तरी निकाल तोच लागेल. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे पूर्व व आग्नेय आशियाई देशांच्या विशाल व्यापार करारातून भारत बाहेर राहिला, तोही निर्णय मंत्रिमंडळाचाच. न्यूझीलंडच्या दुधाच्या धास्तीने हवालदिल झालेल्या पश्चिम महाराष्ट्रातील दूध संघांना तो दिलासाच वाटला. ब्रिटनशी झालेल्या करारातही दुग्धजन्य पदार्थ वगळलेले आहेत. लोकमताची दखल घेतली जात नाही असे म्हणता येणार नाही. न्यायालयांचाही कल सरकारकडेच आहे. जागतिक व्यापार कराराच्या डंकेल मसुद्यावर संसदेच्या संमतीविना सही करण्यास पी. बी. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. १९९४ साली न्यायालयाने ते फेटाळले आणि हा धोरणाचा व कार्यकारी सत्तेचा प्रांत असल्याचे सांगितले.

तरीही बहुमताचा युक्तिवाद पुरता पटत नाही. बहुमत आहे म्हणून अर्थसंकल्पावरची चर्चा कोणी रद्द केलेली नाही. चर्चेचा उपयोग निकाल बदलण्यापुरता नसतो. कोणती वस्तू का दिली व त्याबदल्यात काय घेतले, हे मंत्र्याला उभे राहून सांगावे लागते, हा तिचा खरा उपयोग. शिवाय आघाडीच्या राजकारणात राज्यसभेतील बहुमत सरकारकडे असेलच असे नाही, हे पेटंट विधेयकाने दाखविलेच आहे. छाननी वाटाघाटी चालू असतानाच झाली पाहिजे असे नव्हे. काय द्यावयाचे नाही याची चौकट आधी संसदीय समितीपुढे ठरवावी, आणि सही झाल्यावर संपूर्ण करार, होय किंवा नाही एवढ्याच प्रश्नावर, सभागृहापुढे यावा. अमेरिकेने १९७४ च्या कायद्यापासून काहीशी अशीच वाट चोखाळली. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना-आढावा आयोगाने २००२ च्या अहवालात, चौदाव्या नोंदीखाली संसदेने करारांच्या पद्धतीविषयी कायदा करावा अशी शिफारस केली होती. कोणत्याही पक्षाच्या सरकारने ती हाती घेतली नाही. विरोधात असताना करारांवर संसदेची संमती मागणारे पक्ष सत्तेवर येताच चौदावी नोंद विसरतात, हा अनुभव सर्व पक्षांच्या बाबतीत सारखाच आहे.

राज्यांची अवस्था याहून केविलवाणी. शेती हा राज्य सूचीतील विषय. पण २५३ व्या कलमामुळे करार अमलात आणण्यासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते, आणि जकात तर केंद्राचीच. २००९ साली आग्नेय आशियाई देशांशी करार झाला तेव्हा रबर व मसाल्याच्या पिकांसाठी केरळ राज्याने आवाज उठविला. करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला तो आलाच. वस्तू व सेवा कराचा दर बदलावयाचा तर २०१६ च्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या परिषदेत महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्याला मत आहे. आयात जकातीसाठी अशी परिषद नाही. वास्तविक मूळ जकातीचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावयाच्या करांत मोडते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी त्या वाट्याचे प्रमाण ४१ टक्के ठरविले होते. जकात उतरली की पिकाचा भाव पडतो तो राज्यातील शेतकऱ्याचा आणि उत्पन्नाचा वाटा घटतो तो राज्याच्या तिजोरीचा. निर्णयाच्या बैठकीत मात्र राज्याची खुर्ची नसते.

आजच्या कायद्यात जे थोडे हाती आहे, त्याचाही वापर होत नाही. सीमाशुल्क कायद्याचे १५९ वे कलम सांगते की, पंचविसाव्या कलमाखालील अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशन काळात एकूण तीस दिवस ठेवली पाहिजे, आणि त्यानंतरचे लगतचे अधिवेशन संपण्यापूर्वी दोन्ही सभागृहांनी ती बदलावी वा रद्द करावी असे ठरविले तर तसे होईल. करारानंतरच्या अधिसूचनाही यात येतात. कराड आणि पाटण सातारा लोकसभा मतदारसंघात आहेत, तासगाव आणि पलूस-कडेगाव सांगलीत, वाळवा-शिराळ्याचा भाग हातकणंगले मतदारसंघात. या तिघांपैकी कोणीही एक सदस्य त्या मुदतीत दुरुस्तीच्या प्रस्तावाची सूचना देऊ शकतो. प्रस्ताव पडेल, हे गृहीत धरूनच तो द्यावा लागेल. परंतु तो चर्चेला घेतला गेला, तर बेदाण्याची वा तेलाची सवलत कशासाठी दिली याचे उत्तर अर्थमंत्र्यांना लोकसभेत द्यावे लागेल, आणि ते उत्तर कामकाजाच्या छापील वृत्तांतात राहील. एरवी या अधिसूचना पटलावर ठेवल्या गेल्याची एक ओळ त्या वृत्तांतात असते, तिच्याखाली दुसऱ्या खात्याची तशीच ओळ असते, आणि सभागृह पुढील कामाकडे वळते.